शॉर्टेजच्या यादीत नाव आलं म्हणजे पोरगं आळशीच असतं का?

सेमिस्टर संपत आलं की नोटीस बोर्डावर अटेंडन्स शॉर्टेजची यादी लागते. रोल नंबर, नाव, टक्के. यादीसमोर गर्दी होते, एकमेकांची खेचाखेची होते, मग अर्ज, पालकांची सही, प्राचार्यांची बोलणी. बहुतेक नावांमागची कारणं ठरलेली असतात: उसाची तोड, घरातलं लग्न, क्रिकेटच्या टुर्नामेंटी, चुकलेली बस आणि निव्वळ आळस. माझ्या वर्गात हे सगळे नमुने बसतात. पण दर वर्षी एखाददुसरं नाव असं निघतं, की त्याचा पहिल्या सेमिस्टरचा निकाल काढून बघितला तर विश्वास बसत नाही. तेव्हा वर्गात पहिल्या पाचांत असलेलं पोरगं आता वर्गातच नाही. घरी फोन लावावा तर आई म्हणते, 'तो तर रोज सातच्या बसनं जातो की!'

जातो, खोटं नाही. खानापुराहून बस पकडतो, बेळगावात उतरतो, पण कॉलेजपर्यंत पोचत नाही. बसस्टँडवर बसून राहतो, किल्ला तलावाकडे एक चक्कर मारतो आणि दुपारी डबा न उघडताच परत जातो. अशा प्रत्येक मुलाला डिप्रेशन असतं असं नाही. पण असू शकतं, आणि ते विचारावं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

याच्या उलटही घडतं. एखादी मुलगी पहिल्या बाकावर बसते, हजेरी शंभर टक्के, जर्नल वेळेवर. रात्री मात्र टिळकवाडीतल्या पीजीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जागी असते आणि मेसचं ताट तसंच परत जातं. तिचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. अशा मुलींच्या बाबतीत रूममेटला जे दिसतं ते शिक्षकाला कधीच दिसणार नाही.

उदास वाटणं वेगळं, आजार वेगळा

पेपर गेला, प्रेम मोडलं, आजी वारली, की माणूस उदास होतोच. त्याला औषध लागत नाही. चार दिवस जातात, मित्र ओढून संभाजी चौकात नेतात, काहीबाही खाणं होतं, कुणी तरी नक्कल करतं आणि पोरगं हसतं. दुःख तिथंच असतं, पण मधेमधे सुटका होते. डिप्रेशनमध्ये ही सुटका होत नाही. चांगली बातमी आली तरी आत काही हलत नाही. घरच्यांना न कळणारी गोष्ट हीच आहे. त्यांना वाटतं, सगळं तर आहे याच्याकडे, मग रडायला काय झालं?

डॉक्टर निदान करताना नऊ लक्षणं तपासतात. सतत उदास किंवा रिकामं वाटणं. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणं. झोप उडणं, नाहीतर बारा-बारा तास झोपूनही उठवत नाही अशी अवस्था. भूक आणि वजन फार कमी किंवा फार जास्त होणं. काही न करता येणारा थकवा. बोलणं-चालणं मंदावणं, किंवा एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता. एक पान चार वेळा वाचूनही डोक्यात न शिरणं. आपण नालायक आहोत, घरच्यांना भार आहोत असं वाटणं. आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच लक्षणं, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात; त्यांत पहिल्या दोनांपैकी एक तरी हवंच. शिवाय त्यामुळे अभ्यास, घर, नाती यांवर परिणाम झालेला असायला हवा. म्हणजे रविवारी संध्याकाळी येणारा कंटाळा यात बसत नाही, आणि 'हल्ली सगळ्यांनाच डिप्रेशन असतं' हे वाक्यही बसत नाही.

आपल्याकडची मुलं मात्र ही लक्षणं अशा शब्दांत सांगत नाहीत. ती सांगतात: डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, पित्त होतंय, अंगात ताकद नाही. मग गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लागतं, ताकदीचं इंजेक्शन होतं, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. मुलगे तर उदास दिसतही नाहीत, चिडके दिसतात. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणारा, आईवर खेकसणारा, मित्रांचे फोन कापणारा मुलगा 'माजलाय' ठरतो. रात्री तीनपर्यंत मोबाईल बघतो म्हणून बिघडलाय, असंही म्हणतात. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण झोपच येत नाही म्हणून मोबाईल हातात धरणारी मुलं मी पाहिली आहेत. मोबाईल काढून घेतला म्हणून त्यांना झोप लागत नाही. ती अंधारात विचार करत बसतात.

आजाराची तीव्रता मोजायला नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरतात, पीएचक्यू-९ नावाची. मराठीत आणि कन्नडमध्येही ती मिळते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण द्यायचे, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटावं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायला हवं. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हेही ध्यानात असू द्यावं. निदान डॉक्टरच करतात. त्याआधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ ही रक्ततपासणी बऱ्याचदा सांगतात, कारण यांच्या कमी-जास्तीनंही माणूस असाच गळून जातो.

ह्याच वयात का?

मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे बारावी ते पदव्युत्तर ही वर्षं बरोबर त्याच्या तडाख्यात सापडतात. मेंदूची जडणघडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते, झोपेचं वेळापत्रक याच वर्षांत कोलमडतं, आणि घर सुटणं, परीक्षा, प्रेम, पैसा, नोकरी हे सगळं एकदमच अंगावर येतं. घराण्यात कुणाला हा आजार झाला असेल तर धोका वाढतो. लहानपणी मारहाण, घरातलं दारूचं व्यसन, आई-वडिलांपैकी कुणी लवकर जाणं, यांनीही वाढतो. 'मेंदूतलं एक रसायन कमी पडतं' एवढं सोपं उत्तर पूर्वी दिलं जायचं. आता तज्ज्ञ ते तसं मांडत नाहीत. अनेक कारणं एकत्र येतात, आणि पोरगं मनानं कमकुवत असणं हे त्यातलं कारण नव्हे.

आता आपल्या भागाचं, म्हणजे बेळगावच्या सीमाभागाचं. सीमाप्रश्नामुळे मुलांना डिप्रेशन येतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर भाषणात टाळ्या पडतील, पण आजार समजणार नाही. हा आजार पुण्यातही होतो, बेंगळुरातही होतो. आपल्याकडे फरक पडतो तो दोन ठिकाणी: मुलावर पडणाऱ्या ताणाच्या प्रकारात, आणि मदत मागण्याच्या वाटेवर.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. दहावीपर्यंत मराठी शाळा. पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्सला इंग्रजी. पुढे व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नाहीतर राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एखाद्या डिग्री कॉलेजात. वर्गात इंग्रजी, हॉस्टेलवर आणि ऑफिसच्या खिडकीवर कन्नड, मित्रांत हिंदी, घरी फोनवर मराठी. हुशार मुलगा महिन्या-दोन महिन्यांत यात रुळतो. पण पहिल्या इंटर्नलला गणित येत असूनही प्रश्नच नीट न कळल्यामुळे मार्क जातात, तेव्हा तो 'भाषा कच्ची आहे' असं म्हणत नाही, 'मीच ढ आहे' असं म्हणतो. मग एक विषय राहतो, मग तीन. बॅकलॉगचा डोंगर झाला की वर्गात जायची लाज वाटते, लाज वाटली की हजेरी जाते, हजेरी गेली की परीक्षेला बसू देत नाहीत. आजार आधी की बॅकलॉग आधी, हे सांगणं पुढे पुढे अवघड होतं. दोन्ही एकमेकांना ओढत नेतात.

दुसरा नमुना बीएच्या वर्गातला. बेळगाव म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीचं गाव, आणि आमच्या खेड्यांतली निम्मी पोरं पहाटे रस्त्यावर पळतात ती भरतीसाठी. कोरोनात दोन वर्षं भरती झाली नाही. मग २०२२ मध्ये अग्निपथ आली, चार वर्षांची नोकरी आणि वयाची अट. ज्यांचं वय तेवढ्यात निघून गेलं, ते आज डिग्रीला नावापुरते आहेत. गावानं ज्याला आधीच 'फौजी' म्हणायला सुरुवात केली होती, त्यानं गावात तोंड कसं दाखवायचं? या मुलांशी बोलताना 'दुसरं काही तरी कर की' हा सल्ला फार लवकर देऊ नये.

आणि पैसा. जिल्हा उसाचा, कारखाने पुष्कळ, पण बिल वेळेवर जमा होईलच असं नाही. कॉलेजची फी मात्र तारखेला भरावी लागते. बाप दारात उभा राहून सोसायटीचं कर्ज काढतो हे बघितलेलं पोरगं नापास झाल्याचं घरी सांगत नाही. मुलींना तर मुदतच दिलेली असते: डिग्री होईपर्यंत, नाहीतर स्थळ बघतो. अशा घरात 'मला बरं वाटत नाही' म्हणणं म्हणजे स्वतःहून शिक्षण थांबवणं, हे मुलीला पक्कं ठाऊक असतं. मग ती गप्प राहते.

मधूनच एखाद्या बसवरून वाद पेटतो आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबतात, तसं २०२५ च्या फेब्रुवारीतही झालं. चंदगडहून, कोल्हापूरहून शिकायला आलेलं पोरगं खोलीत अडकतं. निरोगी मुलाला ती सुट्टी वाटते. आधीच एकटं पडलेल्याला नाही.

काय बोलायचं, काय नाही

मदतीचा पहिला भाग डॉक्टरकडे होत नाही. तो रूममेट, बहीण, क्लास टीचर, मेसवाल्या काकू यांच्यापैकी कुणाकडे तरी होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की डिप्रेशन, चिंता यांसारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. तेव्हा ओळखणारं माणूस लागतं.

'काय झालंय रे तुला?' असं चारचौघांत विचारलं तर उत्तर 'काही नाही' हेच येतं. दिसलेली गोष्ट सांगावी. 'पंधरा दिवस झाले, तू डबा तसाच परत नेतोयस. झोपपण नाही दिसत. काय चाललंय, सांग की.' एवढं बोलून गप्प बसावं. गप्प बसणं अवघड जातं, आपण लगेच उपदेश सुरू करतो. 'मन घट्ट कर', 'व्यायाम कर', 'आमच्या वेळी तर चिमणी लावून अभ्यास केला', 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं बघ'. यातलं प्रत्येक वाक्य चांगल्या मनानं म्हटलेलं असतं आणि ऐकणाऱ्याला एकच गोष्ट सांगतं, की दोष तुझा आहे. आजार त्याला तेच दिवसभर सांगत असतो.

'काही लागलं तर सांग' हेही फारसं उपयोगाचं नाही. डिप्रेशनमध्ये माणसाला मागता येत नाही, काय लागतं हेही ठरवता येत नाही. त्यापेक्षा छोटी, ठरलेली, हो-नाही एवढंच उत्तर लागणारी गोष्ट बरी. मुलं एकमेकांना व्हॉट्सअॅपवर पाठवतात त्यातला मला आवडलेला एक मेसेज असा: 'उद्या नऊला खाली थांबतो. आंघोळ नाही केलीस तरी चालतंय, ये गा. पोहे खाऊन लॅबला जाऊ. नाही आलास तर वर येऊन बसतो.' यात सल्ला नाही, वेळ आहे. शेवटचं वाक्य तर फारच चांगलं.

एक प्रश्न मात्र स्पष्ट विचारावा लागतो, आणि तो विचारायला सगळे घाबरतात. 'जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?' विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट बहुतेकांना कुणी तरी विचारल्याचं हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं, तर 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नये. किती दिवसांपासून, कसं करायचं ठरवलंय का, हे शांतपणे विचारावं आणि त्याला एकटं सोडू नये. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये. 'तुला विचारूनच सांगेन, पण सांगावं लागेल,' हे खरं बोलणं. घर शेतीचं असेल तर फवारणीची औषधं कुलपात किंवा शेजाऱ्याच्या घरी हलवावीत, गोळ्यांचा साठाही. टोकाचा विचार पुष्कळदा काही मिनिटं किंवा काही तास तीव्र राहतो. त्या वेळात साधन हाताशी नसणं यानं जीव वाचतात, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करावा, नाहीतर सरळ जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यावं.

घरच्यांबद्दल एक. आमच्याकडे आधी देवाचं बघतात. अंगारा होतो, गाऱ्हाणं होतं, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस होतो. डॉक्टरमंडळी यावर चिडतात; मला त्या चिडण्याचा उपयोग दिसत नाही. आईला त्यातून धीर येतो आणि आईला धीर आला की पोराला थोडी मोकळीक मिळते. तेव्हा सौंदत्तीला जाऊन यावं. तिथून धारवाड चाळीसेक किलोमीटर आहे, तसंच पुढे जाऊन दवाखानाही करून यावा. 'लग्न करून दिलं की सुधारेल' हा उपाय मात्र ठामपणे अडवावा. त्यात एकाऐवजी दोन आयुष्यं अडकतात.

दवाखान्याची वाट

सगळ्यात जवळचा दवाखाना फोनवर आहे: १४४१६. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट. सुरुवातीला भाषा निवडता येते, मराठीही आणि कन्नडही. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जोडून देतात. स्वतःच्या नावानं फोन करायची हिंमत होत नसेल तर 'माझ्या मित्राला असं होतंय' म्हणून केला तरी चालतो.

प्रत्यक्ष जायचं तर बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं जिल्हा रुग्णालय आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे. केएलईच्या रुग्णालयातही आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत 'मनोचैतन्य' योजनेखाली मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञांची ओपीडी ठेवलेली असते. निघण्याआधी फोन करून वार पक्का करून घ्यावा. त्रास फार असेल तर धारवाडचं डिमहान्स, ही मानसिक आजारांसाठीची सरकारी संस्था. तिथलं मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचं, म्हणून आपल्याकडे 'धारवाडला पाठवा' ही चेष्टेतली शिवी झालेली आहे. आज तिथं वेडे म्हणून कोंडत नाहीत. रोजची ओपीडी चालते, लोक येतात, गोळ्या घेऊन दुपारच्या गाडीनं परत जातात.

भाषेची अडचण इथंच टोचते. ताप आला तर मोडक्यातोडक्या कन्नडमध्येही सांगता येतं. 'सकाळी उठल्यावर काहीच नको वाटतं' हे परक्या भाषेत सांगायला गेलं की 'थोडं टेन्शन आहे सर' एवढंच बाहेर पडतं, आणि डॉक्टर झोपेची गोळी देऊन मोकळे होतात. बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. नंबर लावताना तसं विचारायला लाजू नये. दुसरीकडे जायचं तर आदल्या रात्री अर्धं पान मराठीत लिहावं: कधीपासून, झोप किती, जेवण कसं, कुठली औषधं चालू, घराण्यात कुणाला असं होतं का, मरणाचे विचार आले का. ते कन्नड येणाऱ्या मित्राला समजावून सोबत न्यावं. आणि एक गोष्ट न विसरता सांगावी: आयुष्यात कधी उलटा काळ येऊन गेलाय का, म्हणजे झोप न घेताही प्रचंड उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च. तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो आणि औषधंही वेगळी लागतात.

मोठी भीती असते ती 'रेकॉर्डवर येईल' ही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. डॉक्टरांना कॉलेजला परस्पर काही कळवता येत नाही. त्याच कायद्यानं असंही धरलं आहे, की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. तिच्यावर खटला भरायचा नाही, तिला उपचार द्यायचे.

उपचारात नेमकं काय होतं

सौम्य आजारात बोलून करायचे उपचारच बऱ्याचदा पुरतात. त्यातला एक प्रकार आपल्याला फार जवळचा, कारण त्याची मोठी चाचणी चोर्ला घाट उतरून गेलं की गोव्यात झाली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी मध्यमाहून जास्त तीव्रतेच्या डिप्रेशनच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, नेहमीची देखभाल मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. बैठकांत करायचं ते अगदी साधं होतं. रोज काय केलं ते लिहायचं, त्यानं मन कसं झालं ते बघायचं, आणि बरं वाटेल याची वाट न बघता छोटी कामं वेळ लावून करायची. विहिरीवरच्या पंपात हवा धरली की आधी वरून पाणी ओतावं लागतं, मगच तो पाणी खेचतो. तसं हे आहे. इच्छा झाल्यावर काम करू म्हटलं तर इच्छा होतच नाही. आधी कोपऱ्यापर्यंत चालून यायचं, एक शर्ट धुवायचा, आक्काला फोन लावायचा. एवढंच, पण रोज.

मध्यम आणि तीव्र आजारात बऱ्याचदा गोळ्याही लागतात. त्यांतल्या नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांना डॉक्टर एसएसआरआय म्हणतात, आणि त्यांबद्दलच्या गैरसमजांना तोटा नाही. या गोळ्यांची नशा होत नाही, दारूसारखं व्यसन लागत नाही. पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं हे त्रास पहिल्याच आठवड्यात येतात. त्यामुळे बरेच लोक तिथंच सोडून देतात. पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या काही आठवड्यांत अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, थोड्या जणांत, पण वाढू शकतात. म्हणून त्या काळात घरातल्या कुणी तरी रोज विचारपूस करावी आणि असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरना कळवावं. बरं वाटायला लागल्यावरही सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवतात, आणि बंद करताना हळूहळू कमी करतात. एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि 'बघा, सवय लागली' असं म्हणायला सगळे मोकळे.

कॉलेजनं काय करावं

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं, असं त्यांत आहे. कागदावर हे होईल. पण समुपदेशन कक्ष नेहमी प्राचार्यांच्या केबिनशेजारी काढतात, दारावर मोठी पाटी लावतात, समोर शिपाई बसवतात. तिथं कोण जाईल? ग्रंथालयाच्या मागची एखादी खोली द्यावी, जिथं जाताना पोरगं पुस्तक बदलायला आलंय असं वाटेल. आणि सीमाभागातल्या कॉलेजात समुपदेशकाला मराठी आणि कन्नड दोन्ही आल्या पाहिजेत. नेमणुकीच्या जाहिरातीतच तसं लिहावं.

शॉर्टेजच्या यादीचं माझं म्हणणं वेगळं आहे. ती सेमिस्टरच्या शेवटी भिंतीवर लावून काही साधत नाही. चौथ्या आठवड्यातच ती मेंटर शिक्षकाच्या हातात द्यावी, आणि ज्याची हजेरी अचानक घसरली आहे त्याला शिक्षकानं चहाला बोलवावं, नोटीस काढून नव्हे. वैद्यकीय कारणासाठी हजेरीत सवलत मिळते. डेंग्यूचं सर्टिफिकेट चालतं तसं डिप्रेशनचंही चाललं पाहिजे.

परत आलेल्या मुलाची काळजी फारशी कुणी घेत नाही. दोन महिन्यांनी तो वर्गात येतो, सगळे 'बरा झाला' म्हणतात आणि त्याच्यापुढे सहा पेपर असतात. सगळे एकदम देऊ नयेत. आधी दोन सोपे निवडावेत, बाकीचे पुढच्या वेळेला. सकाळची बस त्रासाची होत असेल तर काही महिने मावशीकडे शहरात राहता येतं का, बघावं. एकदा हा आजार झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो पुन्हा कधी तरी होतो. म्हणून पहिल्या वेळी सुरुवात कशी झाली होती, झोप गेली, डबा परत यायला लागला, की फोन उचलणं थांबलं, हे त्यानं आणि घरच्या एकानं मिळून लिहून ठेवावं. खाली डॉक्टरांचा नंबर, १४४१६ आणि ज्या मित्राला रात्री दोनला उठवता येतं त्याचा नंबर. आणि गोळ्या बंद करायची वेळ आलीच, तर डॉक्टरांना परीक्षेचं वेळापत्रक दाखवून ती तारीख परीक्षेनंतरची घ्यावी.